मुंग्यांपर्यंत

कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींचा समाधी सोहळा असतो, आणि त्याच्या आगेमागे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह बसतो. गाड्या रस्त्यावर जातात, त्यांच्या जागी सतरंज्या येतात. वीणा, तुळशीवृंदावन, व्यासपीठावर साखरे महाराजांची प्रत आणि मागे वर्गणीदारांच्या फोटोंचा भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर माउली असतात, पण वरच्या कोपऱ्यात, पासपोर्ट आकारात. त्यांनी वर्गणी दिलेली नसते.

सामुदायिक पारायणाचं एक गणित असतं. प्रचलित प्रतीत ओव्या 9033, दिवस सात. म्हणजे रोजच्या वाट्याला जवळजवळ 1300. सकाळी सात ते दहा बसायचं तर एका ओवीला आठ सेकंद मिळतात. या आठ सेकंदांतच चष्मा पुसायचा, चिकटलेलं पान बोट ओलं करून सोडवायचं, उशिरा आलेल्यांना सरकून जागा द्यायची आणि शेजारणीला ‘कितवी चाललीय?’ हेही विचारायचं. मधल्या स्टेशनांवरून एक्सप्रेस जावी तसे आम्ही अध्यायांतून जातो; पाट्या दिसतात, वाचता येत नाहीत. अठरावा सगळ्यांत लांब, 1810 ओव्यांचा. तिथे पोचेपर्यंत घसे बसलेले असतात आणि स्वयंपाकघरातून बुंदीचा वास यायला लागलेला असतो.

मी याला नावं ठेवत नाही. सात दिवस पहाटे उठून, अंघोळ करून, मांडी घालून बसणं हेच आमच्यातल्या कित्येकांच्या गुडघ्यांना मोठं तप आहे. शिवाय ती भाषा कानांवरून नुसती वाहून गेली तरी मन निवतं. पण ग्रंथ तोंडातून गेला आणि ग्रंथ अंगात गेला यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. ते किती, हे कळायला तेराव्या अध्यायाचा दिवस यावा लागतो.

तेराव्यात ज्ञानी माणसाची लक्षणं आहेत. पहिलंच अमानित्व. ज्याला कुणी मान देऊ लागलं की पारध्यांनी घेरलेल्या हरणासारखं कासावीस व्हायला होतं, तो माणूस. हे आम्ही एका सुरात वाचलं, पोथी मिटली आणि त्याच व्यासपीठावर सत्काराला सुरुवात झाली. शाल, श्रीफळ, फोटो. कासावीस कुणी दिसलं नाही. एक गृहस्थ दिसले, पण त्यांचं नाव यादीत राहून गेलं होतं. त्या हरणाला घेरायला पारधीच आले नव्हते. त्यांची समजूत घालण्यात खजिनदारांची वीस मिनिटं गेली आणि शेवटी कुणाच्या तरी खांद्यावरची शाल घडी घालून पुन्हा वापरण्यात आली.

अमानित्वापाठोपाठ अदंभित्व आणि मग अहिंसा. गीतेत हा एकच शब्द आहे. ज्ञानेश्वर त्यावर शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात, आणि त्या कशावर? राजांनी शस्त्रं टाकावीत, लढाया बंद व्हाव्यात, असलं काही नाही. हा माणूस पाऊल कसं टाकतो, ते सांगतात. बगळा पाण्यात उतरताना लाट मोडू नये म्हणून जपतो, भुंगा कमळाचा केसर कुस्करेल म्हणून पाय हलकेच ठेवतो. मग हात कसे हलतात, नजर कशी पडते, बोलण्याआधी चेहऱ्यावर काय येतं. आधी स्नेह पोचला पाहिजे, शब्द मागाहून आले तरी चालतील. इतकं बारीक वर्णन वाचलं की घाम फुटतो. कारण राज्य सोडायला सांगितलं असतं तर आपल्याला अडचण नव्हती; आपल्यापाशी राज्य नाही. इथे सोसायटीच्या जिन्यातून उतरताना पाय कसा टाकता, एवढंच विचारलंय. आणि आम्ही त्या ओव्या आठ सेकंदांना एक या दराने, लाउडस्पीकर समोरच्या दवाखान्याकडे तोंड करून, वाचत होतो.

ज्यांच्या अंगी ग्रंथ उतरला त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांतले बरेच जण लेखणी घेऊन बसलेले दिसतात, याची मला गंमत वाटते. नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. बाबांचं निधन झालं होतं आणि ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवून बसवलं, अशी आख्यायिका आहे. चांगला लेखनिक मिळणं तेव्हाही सोपं नसावं. पुढे एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नाना हातांनी घुसडलेलं काढून टाकलं आणि यापुढे जो कुणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा, अशी तंबी देऊन ठेवली. ओवीन् ओवी तपासणारा हा माणूस. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा शाळेपासून आपल्याला पाठ आहे. बरोबरच्या यात्रेकरूंचे चेहरे तेव्हा कसे झाले असतील, ते मात्र कुणी सांगत नाही. माझा अंदाज आहे की त्यातल्या एकाने तरी, ‘नाथमहाराज, गाढवाला साधं पाणी चाललं असतं,’ असं म्हटलंच असेल.

आणि साने गुरुजी. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्यामुळे. वही भरली, काम झालं, असं गुरुजींना म्हणता आलं असतं. पण समदर्शन वगैरे शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले की ते पाठ सोडत नसावेत. 1947 च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले; विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडेपर्यंत उठले नाहीत. त्यांना विरोध करणाऱ्यांमध्ये गीता मुखोद्गत असलेले कमी नव्हते.

गाडगेबाबांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हाती पोथी नव्हती, खराटा होता. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसं. पाया पडायला येणाऱ्यांना ते दूर ठेवत, प्रसंगी काठी उगारत. अमानित्वाचा याहून रोकडा अर्थ मी कुठल्या टीकेत वाचलेला नाही.

पण ही सगळी मोठी माणसं. त्यांची नावं घेतली की आपण सुटतो. ‘ते थोर, आपण संसारी’ म्हणून हात झटकता येतात. म्हणून आमच्या इमारतीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगतो. त्या सामुदायिक पारायणाला बसत नाहीत. ‘तुमची गाडी मला धरवत नाही,’ म्हणतात. घरी दुपारी, भांडी आवरली की, खिडकीशी बसून बोट ठेवून वाचतात. कधी पाच ओव्या, कधी एक. आवडली तर दुसऱ्या दिवशीही तीच. नातू विचारतो, ‘आजी, तू अजून तेराव्यातच?’ त्या म्हणतात, ‘चांगला आहे रे, राहू दे मला तिथे.’

परवा त्यांच्याकडे गेलो तर गॅलरीत उन्हात साखरेचा डबा उघडा ठेवलेला आणि शेजारी स्टुलावर आजी. डब्याला मुंग्या लागल्या होत्या. सुनेने पाण्यात बुडवून किंवा खडू ओढून निकाल लावला असता. आजींनी साखर परातीत पातळ पसरली होती. ऊन लागलं की मुंग्या आपल्या पायांनी निघतात, म्हणाल्या. निघतही होत्या, रांगेने, परातीच्या काठावरून. वाटेत आजींचा पाय येत होता, तर त्यांनी तो उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवला होता आणि अवघडून बसल्या होत्या. एक मुंगी मागे राहिली होती, तिच्यासाठी परात थोडी कलती केली. हे सगळं चालू असताना तोंडाने मात्र सुनेची हजेरी चालली होती. डब्याचं झाकण नीट लावता येत नाही, माहेरी काही शिकवलं नाही, साखर काय भाव झालीय, वगैरे. आवाज तळमजल्यापर्यंत जात होता.

सून चहा घेऊन आली. शिकलेली आहे, बँकेत आहे, आणि तिला विनोदाचं अंग आहे. कप पुढे करत हळूच म्हणाली, ‘काका, आमच्या सासूबाई अहिंसेत मुंग्यांपर्यंत पोचल्यात. माझ्यापर्यंत यायला वेळ आहे.’

मला वाटतं ग्रंथ माणसात असाच उतरत असावा, हप्त्याहप्त्याने आणि भलत्या क्रमाने. कुणाची आधी मुंग्यांशी दोस्ती होते, कुणी रस्त्यावरच्या कुत्र्यांना पोळ्या घालतो आणि भावाशी बोलत नाही. वारीत तर हे उघड्यावर पाहायला मिळतं. टँकरपाशी रांगेत धक्का लागला की माणूस डोळे वटारतो आणि म्हणतो, ‘काय माउली, दिसत नाही का?’ शिवी ओठापर्यंत आलेली असते; ‘माउली’ म्हणावं लागल्यामुळे तिची धार निम्मी होते. उरलेल्या निम्म्याचं पुढच्या वर्षी बघू. एवढ्या हप्त्यावर वारकरी खूश असतो, आणि त्यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. ढोंगी माणसाला धक्का लागल्यावर ‘माउली’ आठवत नाही.

आजींच्या सुनेचा गेल्या आठवड्यात फोन आला. घाईत होती. आमटी खारट झाली होती, चांगलीच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाटीत थोडं गरम पाणी घालून घेतलं, ‘आता छान लागतेय’ म्हणाल्या आणि भात मागितला. सून इतकी घाबरली की जेवण होताच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा पाहिला. नॉर्मल निघाला. परत येताना आजी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून भांडल्या, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.