बारसं थाटात, लस पुढच्या महिन्यात

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत परवा एक बारसं झालं. पाळणा भाड्याने आणलेला, झेंडूच्या माळा, आत्याबाई नारायणपेठी नेसून हजर. पाळण्यात साडेतीन किलोंचा सोनेरी ऐवज, जातीने गोल्डन रिट्रीव्हर. विकणाऱ्याने वय दोन महिने सांगितलं होतं. डॉक्टरांनी दात बघून सहा आठवडे सांगितलं. लग्नाच्या बाजारात वय कमी करून सांगतात, पिल्लांच्या बाजारात वाढवून. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा केंद्र सरकारचा २०१७चा नियम आहे, त्यामुळे विक्रेत्याला वय वाढवावंच लागतं. नियम पाळायची आपली एक पद्धत असते.

आत्याने कानात ‘कुर्र’ केलं, बाळाने आत्याच्या कानातलं धरलं. नाव ठेवलं सिंबा. मग पाहुण्यांनी एकेक करून त्याला उचललं, मुके घेतले, फोटो काढले. टाळ्या वाजत होत्या तेव्हा माझं लक्ष दाराबाहेरच्या चपलांकडे होतं. कोल्हापुरी, स्पोर्ट्स शूज, मॉर्निंग वॉकचे बूट, असा ढीग. भटकी कुत्री जिथे सकाळचे विधी उरकतात त्याच बागेतून ते बूट आले होते. पार्व्हो नावाचा विषाणू १९७८ साली जगभर पसरला, तो काही कुणाच्या आमंत्रणाची वाट बघत बसला नाही. तो जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलला भीक घालत नाही, आणि तळव्याला चिकटून थेट दिवाणखान्यात येतो. पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या लागतात आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपू शकतो. पण ‘बाई’, म्हणजे सिंबाच्या आई, ठाम होत्या. “आम्ही त्याला बाहेर नेतच नाही हो. त्याला कशाला एवढ्यात लस?” बरोबरच आहे. तो बाहेर जात नाही, म्हणून चाळीस माणसं बाहेरचं घेऊन आत आली.

केकचंही ऐका. सिंबासाठी खास श्वानांचा केक मागवला होता, साखर नाही, मैदा नाही. पाहुण्यांसाठी चॉकलेट बर्फी. टेबलावर गर्दी झाली आणि वाट्या बदलल्या. सिंबाचा केक पाहुण्यांनी संपवला. “कमी गोड आहे, हल्ली असंच बरं,” असं एक मधुमेही काका म्हणाले आणि दुसरा तुकडा मागितला. बर्फीचा तुकडा मात्र कुणीतरी प्रेमाने बाळाला भरवणार, एवढ्यात घरातल्या कॉलेजकन्येने झडप घातली. कोकोमधला थिओब्रोमीन कुत्र्याला विषारी ठरतो, हे घरात तिला एकटीलाच माहीत. त्यामुळे ती आगाऊ ठरली.

खरी लढाई ताटावर आहे. आजी दूध-पोळी कुस्करतात. आजवर वाड्यातली सगळी कुत्री दूध-पोळीवर वाढली, हा त्यांचा पुरावा. जी वाढली नाहीत त्यांची नोंद वाड्यात ठेवत नसत. आईचं दूध सुटत आलं की पिल्लाला गाईच्या दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब होतात, असं डॉक्टर सांगतात. पिल्लांसाठीचं खाणं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं द्या, तूप नको, असंही सांगतात. त्यावर आजींनी नामदेव काढले. कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते. डॉक्टर नामदेवांहून मोठे का? डॉक्टर गप्प. आजोबांचा पक्ष कॅल्शियमचा. हाडं मजबूत हवीत म्हणून रोज दोन चमचे टॉनिक. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून जादा कॅल्शियम दिलं तर हाडं वेडीवाकडी होऊ शकतात, हे ऐकल्यावर त्यांनी तीन चमचे केले. डॉक्टरांचा विरोध आहे म्हणजे औषधात दम असणार. बाबा यूट्यूबचे. त्यांना कच्चं मांस द्यायचंय, पण घरात श्रावण आहे.

बारशानंतर दोन दिवसांनी सिंबाच्या शीमध्ये पांढरं, लांबट, हलणारं काहीतरी दिसलं. आजी करवादल्या, “शेवया कुणी घातल्या याला?” ते जंत होते. जंत बहुतेक पिल्लांना आईकडूनच मिळतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यायचं असतं. विक्रेत्याने दिलेल्या कार्डावर त्याच्या नोंदी होत्याच, सगळ्या एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिल्यासारख्या. घरच्यांनी आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, मग दवाखाना गाठला.

दवाखान्यातला संवाद मी बाकावर बसून ऐकला, माझ्या मांजराचं काम होतं. डॉक्टर समजावत होते की आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, तीच सुरुवातीला लस निकामी करते. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत, लस देत राहायची. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे पहिली वाया जाऊ शकते? मग दुसरीच आधी द्या ना.” डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग नऊ रोगांवरची लस की सातांवरची, यावर घासाघीस. “यातले दोन आमच्याकडे येतच नाहीत, ते वजा करून सांगा.” लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून, पावसाच्या साचलेल्या पाण्यातून येतो, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या सोसायटीत उंदीर नाहीत. तसा ठराव वार्षिक सभेत एकमताने मंजूर आहे.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. ती घेतल्याचा दाखला नसेल तर महापालिकेचा श्वान परवाना मिळत नाही, ही एकच गोष्ट बाबांना पटली, कारण तिच्यात शिक्का आहे. आजोबा मात्र म्हणाले, रेबीज भटक्यांना होतो, खानदानी कुत्र्याला नाही, आणि झालाच तर माणसाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ती सोसायची आपली तयारी आहे. ती पोटातली लस भारतात बंद होऊन वीस वर्षं झाली. आजोबांचं शौर्य अजून चालू आहे.

पहिली लस टोचून झाली. सिंबाने एकदाच कुंईकुंई केलं, बाबा डोळे मिटून भिंतीकडे वळले. पुढची तारीख डॉक्टरांनी लाल पेनाने लिहून दिली. घरी येऊन आजींनी कॅलेंडर काढलं तर त्या दिवशी अमावास्या. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, पुढचे चार दिवस महाबळेश्वर. डॉक्टरांना फोन गेला. ते थकून म्हणाले, “गुरुजींनाच विचारा, त्या आठवड्यात एखादा मुहूर्त निघतो का.”

बाबांनी खरंच विचारलं. गुरुजींनी रविवार सकाळी सव्वादहाचा उत्तम मुहूर्त काढून दिला आहे. रविवारी दवाखाना बंद असतो.