सही जुळत नाही

बँकेत 32 वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. एखाद्या कुलकर्ण्यांचा रफार नमुन्यापेक्षा जरा जास्त वाकडा दिसला, की चेक परत. असा हा चोखंदळ माणूस निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी घरच्या बाल्कनीत तीनदा फसला, तेही किड्यांपायी. त्यातल्या पहिल्या वेळी तर तिथे किडा नव्हताच.

झालं असं, की लेकीने वाढदिवसाला एचेवेरिया आणून दिली. जाड, मांसल पानांचं, कमळासारखं दिसणारं रोप. ‘बाबा, हिला काही करायचं नाही हं. काहीच नाही,’ असं तिने दोनदा बजावलं. निवृत्त माणसाला सांगू नये असं हे एकच वाक्य आहे. आठवड्याभरात मला पानांवर पांढरी भुकटी दिसली. कीड! मी ओला कापूस घेतला आणि दिवाळीआधी पितळेची भांडी घासावीत तशा निष्ठेने एकेक पान लख्ख केलं. मग बायकोला हाक मारून दाखवलं. तिचं माहेर तासगावचं, द्राक्षबागायतदारांचं. ती म्हणाली, ‘अहो, द्राक्षांवर असते तसली पांढरी झाक होती ना ती?’

तसलीच होती. ते मेण रोप स्वतःच अंगावर चढवतं. ऊन परतवायला आणि पाणी आत धरून ठेवायला. एकदा पुसलं की त्या पानावर ते पुन्हा धड येत नाही. चार दिवसांत उन्हाकडची पानं करपली आणि उरलेल्यांवर माझ्या बोटांचे ठसे राहिले. मुद्देमालावरचे ठसे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले, आणि ते माझेच निघाले.

यातून मी धडा घेतला, फक्त चुकीचा घेतला. पांढरं म्हणजे रोपाचं स्वतःचं, त्याला हात लावायचा नाही! म्हणून पावसाळा सरल्यावर बाल्कनीतल्या जेडच्या रोपाच्या पानांच्या बेचक्यांत कापसाचे बारके पुंजके दिसले, तेव्हा मी ते कौतुकाने पाहिले. पुंजके वाढले. कुंडीखालची फरशी चिकट झाली. मुंग्यांची रांग लागली. ती आमच्या काउंटरसमोरच्या रांगेपेक्षा कितीतरी शिस्तीची होती. शेजारच्या काकांना मी ‘आमच्या जेडला छान मेण धरलंय’ असं सांगितलं आणि लावायला दोन फांद्याही तोडून दिल्या.

दिवाळीत मेव्हणा आला. हातपाय धुऊन बाल्कनीत गेला आणि तिथूनच ओरडला, ‘दाजी, हे मेण न्हवं, मिलीबग हाय! पिठ्या ढेकूण. ह्यानं आमच्याकडं घडच्या घड काळं पडत्यात.’

त्याने चिमटा मागितला, मी पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग काढलं. भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढा चपटा, लंबगोल जीव दिसला. पिठात घोळवलेला, कडेने पांढऱ्या तंतूंची झालर लावलेला. हा सोंड खुपसून झाडाचा रस पितो आणि जास्तीची साखर मागून टाकून देतो. फरशीवरची चिकटाई ती हीच. त्या साखरेसाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणजे मी ज्यांची शिस्त वाखाणत होतो, ते चोराने ठेवलेले वॉचमन होते. कापसाची गादी म्हणजे अंड्यांची पिशवी. एकेका मादीची तीनतीनशे अंडी. नराला पंख असतात, पण तोंड नसतं. तो दोन-चार दिवस जगतो आणि जातो. मेव्हण्याकडून हे ऐकताना बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं औदार्य.

उपाय सोपा निघाला. मेडिकलमधून 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, इअरबड त्यात बुडवून किड्याला टेकवायचा. मेण विरघळतं, पांढरा किडा बघता बघता तपकिरी पडतो आणि संपतो. बेचक्यात दडलेली अंडी वाचतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा, असं महिनाभर. घराला इंजेक्शनच्या खोलीचा वास येऊ लागला.

मला मात्र तेवढा धीर नव्हता. मी नीमतेलही आणलं. बाटलीवर लिटरला 5 मिली लिहिलं होतं. मी प्रेमाने दोन झाकणं जास्त ओतली आणि भर दुपारी फवारलं. कढईत पापडाचं जे होतं, ते माझ्या तीन कुंड्यांचं झालं. नीमतेल साबणाचे दोन थेंब घालून, नीट ढवळून, ऊन उतरल्यावर फवारायचं असतं. हे बाटलीच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. बँकेत चेकची मागची बाजू पाहायला मी कधी चुकलो नव्हतो.

तिसरी फसगत जास्वंदीवर झाली. तिच्यावरही पिठ्या होता, पण एवढ्या झुडपाला इअरबडच्या काड्या टेकवत कोण बसणार? म्हणून मेव्हण्याने जाताना तिच्यावर डबीतून काही किडे सोडले. नाव क्रिप्टोलिमस, काळपट अंगाचे, नारिंगी डोक्याचे, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पिठ्या हेच त्यांचं जेवण. द्राक्षबागेत हे सोडतात. हे सगळं तो बहिणीला सांगून गेला. मी तेव्हा जेवून आडवा झालो होतो.

तीन आठवड्यांनी जास्वंदीवर मला पिठ्यांचे आजोबा दिसले. सेंटीमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या, आणि चक्क पळत होते! मी बाटली आणि काड्या घेऊन तुटून पडलो. 23 मारले, मोजायची सवय जात नाही. विजयाचा फोटो तासगावला पाठवला. लगेच फोन आला.

‘दाजी, आपलीच माणसं मारलासा की हो!’

ती क्रिप्टोलिमसची पिल्लं होती. पिठ्यांसारखाच मेणाचा पांढरा झगा घालून ती पिठ्यांच्याच वस्तीत शिरतात आणि त्यांना खातात. तो झगा त्यांना मुंग्यांपासूनही वाचवतो. 32 वर्षं ज्या हुबेहूब खोट्या सहीच्या मी मागावर होतो, ती अखेर समोर आली, आणि ती नेमकी आपल्या बाजूच्या माणसाने केलेली होती.

आता भिंग बाल्कनीच्या खिळ्याला टांगलेलं असतं. नवं रोप तीन आठवडे वेगळ्या खिडकीत राहतं; तपासणी झाल्याशिवाय त्याचं खातं उघडत नाही. शेजारच्या काकांच्या दोन फांद्यांसाठी दर रविवारी मीच काड्या घेऊन जातो. त्यांनी अजून चहा विचारलेला नाही.

तुमच्याकडे काही पांढरं दिसलं, तर औषध नंतर, आधी टूथपिकचं टोक लावून पाहा. पानभर सारख्या थराने पसरलेलं असेल, तर ते रोपाचं मेण, पुसू नका. बेचक्यातून कापूस निघाला, तर पिठ्या; अल्कोहोल लावा. आणि चांगला मोठा असून तुरुतुरु पळाला, तर जाऊ द्या. तो कामावर निघालाय.