मंगल कार्यालयातली फ्रेंच खुर्ची : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : कराड ते मिरज पट्ट्यातलं कुठलंही लग्न, पुढची रांग आणि भरपूर वेळ. वेळेची चिंता नको. मुहूर्त बाराचा असला तरी आमदार, कारखान्याचे चेअरमन आणि माजी सभापती यांचे आशीर्वाद झाल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. तेवढ्यात स्टेजवरच्या सोनेरी खुर्चीचा अभ्यास आरामात उरकतो.

१. आधी पाय बघा. पाय बाकदार असेल तर घराणं फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाचं. सरळ, खाली निमुळता होत गेलेला आणि अंगावर उभ्या पन्हळी असलेला असेल तर सोळाव्याचं. खात्रीसाठी पाय आणि बैठक जुळतात तिथला चौकोनी ठोकळा पाहा; त्यावर फूल कोरलेलं असतं. डेकोरेटरच्या खुर्चीला बहुधा पाय सोळाव्याचे, हात पंधराव्याचे आणि डोक्यावर कोणत्याच लुईने न पाहिलेला मोर असतो. मिश्र घराणं म्हणावं आणि पुढे सरकावं.

२. मग कूळ काढा. इटलीत हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ साली सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ साली. तिथली रोमन नक्षी पाहून पॅरिसला आपली वेलबुट्टी जुनाट वाटू लागली आणि खुर्ची सरळ झाली. सोळावा लुई १७७४ साली राजा झाला तोवर ही चाल रुळलीही होती, पण नाव लागलं त्याचं. १७९३ साली त्याचं मुंडकं उडालं आणि व्हर्सायच्या राजवाड्यातलं सामान लिलावात निघालं. पुढे साठेक वर्षांनी फ्रेंच सम्राज्ञी युजेनीला सोळाव्या लुईच्या राणीच्या, मारी आंत्वानेतच्या थाटाचं वेड लागलं आणि त्याच घडणीच्या खुर्च्या पुन्हा बनू लागल्या. ‘महाराजा सोफ्या’चं भाडं भरलेल्या वधुपित्याला यातलं मुंडक्याचं वाक्य सांगू नये.

३. पाठ दाबून पाहा. आत स्प्रिंगा आणि वर बटणं मारून फुगवलेली पाठ, ही एकोणिसाव्या शतकाची चैन. सोळाव्या लुईच्या काळी घोड्याचे केस भरत. आपल्याकडे फोम, त्यावर लाल मखमल आणि मखमलीवर करवल्यांच्या पोरांची जिलबीची बोटं.

४. उलटी करा. (नवरदेव उठल्याची खात्री करून.) अठराव्या शतकात पॅरिसच्या सुतारसंघाने उस्तादांना खुर्चीवर नावाचा ठसा मारणं सक्तीचं केलं होतं. त्यातल्या नामांकित झॉर्ज जाकोबचा अस्सल ठसा सापडला तर लग्न सोडून घरी जा, खुर्चीसकट. बहुधा पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली डेकोरेटरची आद्याक्षरं आणि नंबर सापडेल. टेम्पोत माल भरताना दुसऱ्याची खुर्ची येऊ नये म्हणून ही सोय.

५. नक्कल म्हणून नाक मुरडू नका. लुईने रोमची केली, युजेनीने लुईची. डिझायनर फिलिप स्टार्कने तर २००२ साली तीच खुर्ची पारदर्शक प्लास्टिकमध्ये ओतली. आणि सांगलीला सोंगाचं वावडं कधी होतं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे नाटक उभं केलं तेही ‘सीतास्वयंवर’, म्हणजे लग्नाचंच. साताऱ्यात राजेपण गादीवर, लोडाला टेकून बसायचं. आता ते चार पायांवर आलं, इतकंच.

६. शेवटी बसून पाहा. व्हर्सायला राजासमोर बसायचा मान मोजक्या डचेसना, तोही बिनपाठीच्या तिवईवर. इथे ॲडव्हान्स भरला की उसाच्या फडातला पोरगाही पाठ टेकून बसतो आणि अख्खं गाव आहेर घेऊन त्याच्यासमोर रांगेत उभं राहतं.