सुट्टीचे सुट्टे

हेदवीत त्यांना सगळे 'गव्हर्नर' म्हणतात आणि हे त्यांना अजिबात मान्य नाही. कमीपणा वाटतो म्हणून नव्हे, हिशेबात बसत नाही म्हणून. "नाणी पाडतं भारत सरकार. रिझर्व्ह बँक नुसती वाटप करते. गव्हर्नरची सही नोटेवर असते, आणि एक रुपयाच्या नोटेवर तीसुद्धा नसते, तिथे वित्त सचिवाची असते. तेव्हा म्हणायचंच असेल तर सचिव म्हणा." हे ऐकल्यावर गावाने गव्हर्नर हे नाव कायम करून टाकलं. कोकणात माणसाला खुपतं तेच नाव टिकतं.

गृहस्थांची सगळी नोकरी एसटीत वाहक म्हणून झाली. म्हणजे उभा जन्म "सुट्टे द्या, सुट्टे द्या" म्हणण्यात आणि उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून देण्यात गेला. दुसऱ्या कुणाला निवृत्तीनंतर नाण्याचं तोंड बघवलं नसतं. ह्यांनी ठरवलं, आता सगळ्या महाराष्ट्राचे सुट्टे आपल्या ओटीवर आले पाहिजेत.

छंद असा: बँकेत जायचं, नोटा देऊन नाण्यांच्या पिशव्या घ्यायच्या, घरी सतरंजीवर ओतायच्या, एकेक नाणं भिंगाखाली धरायचं. हवं ते काढून ठेवायचं आणि उरलेली रास दुसऱ्या कुठल्या तरी शाखेत नेऊन भरायची. न्यू जर्सीतल्या भाच्याने सांगितलं की अमेरिकेत हे रीतसर चालतं. तिथे बँक पाव डॉलरची चाळीस नाणी कागदाच्या गुंडाळीत देते आणि लोक त्यात 1964 पर्यंतचं चांदीचं नाणं शोधतात. आपल्याकडे गुंडाळी नाही, शंभर नाण्यांची प्लास्टिकची पिशवी. चांदी तर नाहीच. "मग शोधता काय?" असं विचारायची चूक नवखा माणूसच करतो.

कारण मग सालाखालची खूण निघते. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. "काही नसणं हीच कोलकात्याची खूण," हे वाक्य ते अशा थाटात म्हणतात की ऐकणाऱ्याला उगाच वेदान्त वाटतो. नव्वदीच्या अखेरीला आपल्या टांकसाळींना मागणी झेपेना, तेव्हा काही नाणी मॉस्कोहून, मेक्सिकोहून, कोरियाहून पाडून आणली होती. मेक्सिकोचा रुपया एकदा ह्यांना हेदवीतच मिळाला, बांगड्यांच्या वाट्यावर परत आलेल्या सुट्ट्यांत. त्या दिवशी बांगडे मांजराने खाल्ले. ह्यांना पत्ता नव्हता, काकूंना होता.

पण ह्या माणसाचं खरं दुखणं नाणं नव्हे, सुट्टी आहे. बँक बंद असली की ह्यांना सुतक आल्यासारखं होतं. त्यातून हेदवीचा पेच वेगळाच. सुट्टीच्या दिवशी दशभुज गणपतीला गर्दी. भरतीची वेळ साधून बामणघळीचं उसळणारं पाणी बघायला आलेले मुंबईकर, पुणेकर. नारळवाला, चहावाला, सगळ्यांच्या गल्ल्यात चिल्लर खणखणते आहे आणि नेमकी त्याच दिवशी बँकेला कडी. हल्ली नारळवाल्यानेही क्यूआर कोड लटकवलाय, ते दुःख निराळं.

म्हणून गव्हर्नरांनी सुट्ट्यांचा अभ्यास केला. तो आता तालुक्यात प्रमाण मानला जातो. कालनिर्णयातला लाल आकडा म्हणजे बँक बंद, हा बावळट समज ते कुणाचाही काढून देतात. बँकेची सुट्टी 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने ठरते, भिंतीवरच्या कॅलेंडराने नव्हे. जिल्हाधिकारी वर्षाकाठी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. त्या दिवशी शाळा बंद, तहसील बंद, ग्रामपंचायत बंद. पण ती सुट्टी बँकांना लागू नाही असं आदेशाच्या तळाशी लिहिलेलं असतं, आणि तळापर्यंत वाचणारा गुहागर तालुक्यात हा एकच इसम. गाव घरात लोळतं आणि हे पिशवी घेऊन निघतात. रिकामं काउंटर, रिकामा कॅशियर. परमानंद!

दुसरा आणि चौथा शनिवार 1 सप्टेंबर 2015 पासून बंद झाला, तेव्हा ते खचले होते. मग लक्षात आलं की त्याच निर्णयाने उरलेले शनिवार पूर्ण दिवस मिळाले. आता ज्या महिन्यात पाच शनिवार येतात त्या महिन्याच्या पाचव्या शनिवारी ते सकाळी लवकर आंघोळ करतात. धनत्रयोदशीला बँक उघडी असते, त्या दिवशी लक्ष्मीपूजनासाठी कोरी नाणी मागायला सगळे येतात. ह्यांना मात्र कोरं नाणं चालत नाही. "ते काय, अजून कुठे फिरलेलंच नाही."

कॅशियर बिचारा बिहारचा. नाणी कुणी नेत नाही म्हणून तो आधी ह्यांच्यावर खूश होता. पुढे बदलीवर शेजारच्या शाखेत गेला आणि तिथे हेच गृहस्थ तीच नाणी भरायला उभे! दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं, म्हणजे हजार नाण्यांचं ओझं आठ किलोच्या जवळ जातं. ते तांदळाच्या पिशवीतून एसटीने येतं, आणि जुन्या ओळखीवर सामानाचं तिकीट लागत नाही. "काका, परत?" एवढं मराठी तो ह्यांच्यामुळेच शिकला.

सगळ्यात मोठी मोहीम शिवजयंतीची. 1999 साली शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं होतं आणि ते ह्यांना काही केल्या मिळेना. 19 फेब्रुवारीला महाराष्ट्रातल्या बँका बंद. पण गोव्यात उघड्या! गृहस्थांनी चिपळूणहून कोकण रेल्वे पकडली. महाराजांच्या जयंतीला महाराजांसाठी महाराष्ट्राबाहेर जाणारा असा माणूस दुसरा नसावा. गोव्यातल्या शाखेत विचारलं, "तुमचं खातं कुठे?" हे म्हणाले, "हेदवीला." समोरच्याला हेदवी ठाऊक नव्हती. नाण्यांची पिशवी मात्र मिळाली, आणि तीत निघाली सगळी दहाची. तिथल्या तिथे जेवणाचं बिल त्याच नाण्यांनी दिलं. हॉटेलवाला कुरकुरला तेव्हा 2011 चा नाणे कायदा सांगितला: हजार रुपयांपर्यंत नाणी कायदेशीर चलन आहेत. बिल तीनशेच्या आतलं होतं. हॉटेलवाल्याने एकेक मोजून घेतलं, तोवर गाडीची वेळ झाली.

लोकांना वाटतं, म्हातारा लाखो कमावणार. वैष्णोदेवीच्या नाण्याला म्हणे मोठी किंमत येते, असं मोबाइलवर वाचून कुणी ना कुणी त्यांच्याकडे येतंच. ते शांतपणे सांगतात की जुन्या नाण्यांच्या विक्रीत आपलं नाव वापरणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच बजावलंय. पाच रुपयांचं नाणं पाचच रुपयांचं. हे ऐकून माणूस निराश होऊन जातो आणि काकू माजघरातून ओरडतात, "बघा हो, एवढं कळतं, आणि तरी हे!"

काकूंचंही खरं आहे. इतकी वर्षं नोटा देऊन नाणी आणली, नाणी भरून नोटा घेतल्या. मिळकत शून्य, तोटाही शून्य, एसटीचं भाडं तेवढं अंगावर. कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, असा निर्मळ उद्योग माझ्या पाहण्यात दुसरा नाही. ज्यांचे पोरगे शेअर बाजारात बुडालेत तेच ह्यांना हसतात, हीच काय ती गंमत.

सध्या त्यांना 2007 चं लोकमान्यांचं पाच रुपयांचं नाणं हवंय, तेही हैदराबादच्या ताऱ्याचं. टिळक आपल्या रत्नागिरीत जन्मलेले, तेव्हा ते दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं तर त्यांना अपमान वाटणार आहे. तुम्ही हेदवीला दर्शनाला येणार असाल तर येताना खिशातली नाणी जरा उलटसुलट करून बघा. टिळक निघाले तर नारळवाल्याला द्या, आणि मेहेरबानी करून क्यूआर कोड वापरू नका.