शेरबूरच्या छत्र्या आणि आमचा तक्ता

आमच्या फिल्म क्लबात पूर्वी एकच समिती होती, चहाची. आता दुसरी झाली आहे. चित्रपट दाखवण्याआधी त्यात कोणाकोणाला प्रतिनिधित्व मिळालंय ते तपासून तक्ता भरायचा, शंभरात पस्तीस मिळाले तरच पडदा उघडायचा. ऑस्करवाल्यांनी 2024 पासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला असे निकष लावले. मग आम्ही काय घोडं मारलंय? पहिला परीक्षार्थी जाक देमीचा 1964 चा ‘शेरबूरच्या छत्र्या’. त्याला कान महोत्सवात पहिलं बक्षीस मिळालंय खरं, पण त्याचे गुण आमच्याकडे धरत नाहीत.

रकाना एक, वर्णवैविध्य. गुलाबी, जांभळा, पोपटी, नारिंगी. नायिका कातरिन दनवचा फ्रॉक आणि मागचा वॉलपेपर एकाच ताग्यातून बेतल्यासारखे. खजिनदारकाकांनी खुशीत दहापैकी दहा दिले.

“काका, रकाना माणसांच्या वर्णाचा आहे.”

“असं होय,” म्हणत त्यांनी खोडरबर काढलं.

पुढे भाषा. अख्खा चित्रपट गाऊन. आपण संगीत नाटकावर पोसलेले, पण नाटकात दोन पदांच्या मध्ये गद्य तरी असायचं. इथे गाडीत साधं पेट्रोल घालू की सुपर, हेसुद्धा मिशेल लग्राँच्या चालीवर विचारतात. गद्य बोलणाऱ्या समाजाला शून्य जागा. नायक नीनो कास्तेलनुओवो इटालियन, म्हणून परप्रांतीयाला काम दिल्याचे दोन गुण. गळा मात्र दुसऱ्याचाच लावला, म्हणून एक वजा. पण दनवचाही आवाज उसनाच, दानिएल लिकारीचा. म्हणजे समान वागणूक! तो एक परत.

स्त्रियांच्या रकान्यात घोळ झाला. बेक्डेल कसोटीप्रमाणे दोन बायकांनी पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हवं. छत्रीवाल्या मादाम एमरी आणि त्यांची लेक, म्हणजे नायिका, दुकानाच्या थकलेल्या देण्याबद्दल बोलतात, म्हणजे पास. तर सचिवबाई म्हणाल्या, “अहो, ते देणं फेडायला आई हार विकायला जाते आणि तिथेच हिऱ्यांचा व्यापारी भेटतो, पुढे तोच जावई होतो. मग बोलणं पैशाचं झालं की पुरुषाचं?” यावर दोन चहा झाले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वाढलेल्या आम्हा मंडळींना यातला फरक सांगता आला नाही.

मग शेवटचं पान. नायक, मेकॅनिक गी, 1957 मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जीरियाला जातो. ताटातूट, नायिकेचं पोट, घाईचं लग्न, त्याचं लंगडत परतणं, सगळं त्या एका हुकमामुळे. तिथे चाललेल्या युद्धाला फ्रान्सने कायद्याने ‘युद्ध’ म्हटलं ते 1999 मध्ये. तोवर तो सुव्यवस्थेचा बंदोबस्त होता. दिग्दर्शक गोदारचा त्याच विषयावरचा चित्रपट सरकारने 1963 पर्यंत अडकवून ठेवला होता. देमीने निदान अल्जीरियाचं नाव घेतलं, तेही गाऊन. अल्जीरियन माणसाच्या वाट्याला मात्र गायला एक ओळही नाही.

“याचे गुण कुठे कापायचे?” मी विचारलं. तक्ता उलटासुलटा करून पाहिला. पडद्यावर जो दिसतो त्याला मोजायची सोय आहे. ज्याच्या देशामुळे गोष्ट घडते आणि जो दिसतच नाही, त्याला रकाना नाही.

तक्त्याला हसायचा मला तरी काय अधिकार? हा चित्रपट मी चारदा पाहिलाय आणि चारही वेळा शेवटच्या प्रसंगात पेट्रोलपंपावरच्या त्या बर्फात रुमाल काढलाय. बिचाऱ्या गीचं प्रेम गेलं म्हणून. तो तिकडे बंदूक घेऊन कोणाच्या दारात उभा होता, हे एकदाही मनात आलं नाही.

चौतीस गुण पडले. काकांनी वॉलपेपरबद्दल एक वाढवून दिला. रविवारी संध्याकाळी सहाला खेळ आहे, जरूर या. पडद्यावर तारखा येतात, तेवढ्या नीट वाचा. जून 1959 नंतर एकदम डिसेंबर 1963 येतो. अल्जीरिया 5 जुलै 1962 ला स्वतंत्र झाला.