दाखलेवाले काका

आमच्या मंडळीत त्यांना दाखलेवाले काका म्हणतात आणि हे नाव त्यांना दोनदा पडलंय. पहिल्यांदा तहसील कचेरीत. उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. खरं तर न देण्यात गेली, कारण एक झेरॉक्स कमी असली तरी अर्ज परत. लाच मात्र कधी घेतली नाही. 'साधा चहासुद्धा नाही,' असं काकू सांगतात. त्यात अभिमान किती आणि तक्रार किती, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर. येशूच्या बोधकथांना मराठी बायबलात 'दाखले' म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. काकांनी नुसतं टेबल बदललं. फरक एवढाच, की आता ते न मागता देतात. विषय एकच, देवाची कृपा. आपली लायकी नसताना, एक कागद न जोडता, फुकट मिळते ती.

नगरच्या भाजीबाजारात त्यांच्यासोबत जाणं ही वेगळी शब्बाथ शाळाच. भाजीवाल्या मावशीनं वांगी तोलून पिशवीत टाकली आणि वर मूठभर कोथिंबीर ठेवली, की काका पिशवी उघडी धरून मागच्या गिऱ्हाइकांकडे वळतात. 'वांग्याचे पैसे दिले. मिरच्यांचे दिले. हिचे दिले का? नाही! हीच कृपा!' मागची बाई म्हणते, 'मलापण द्या की थोडी.'

मग एका पावसाळ्यात जुडी चाळीस रुपयांवर गेली. मावशीनं वांगी दिली आणि गप्प बसली. काका पिशवी धरून उभेच.

'मावशी, वरचं काही?'

'कृपा महागली, काका.'

एसटीत तर ते पंच्याहत्तरी गाठायची वाटच बघत होते. पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आधीपासूनच होतं; पंच्याहत्तर पुरी झाली की फुकट, हा २०२२पासूनचा नियम. तोवर काका अर्ध्या तिकिटाला 'नियमशास्त्र' म्हणायचे: निम्मं तू भर, निम्मं आम्ही बघू, माणूस काही सुटत नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ते काम नसताना राहुरीला गेले. कंडक्टरनं आधारकार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. काकांनी ते उजेडात धरलं. 'बघा! तिकीट आहे, किंमत शून्य. याचा अर्थ काय? माझं भाडं दुसऱ्या कोणीतरी भरलंय!' आता महामंडळाला ती रक्कम सरकारकडून मिळते, त्यामुळे हिशेबानंही दाखला पक्का बसत होता. कंडक्टर म्हणाला, 'काका, पुढं सरका. मागं दहा जण कृपेत उभे आहेत.'

काकांच्या बोलण्यात रेव्हरंड ना. वा. टिळक येणार हे ठरलेलं. टिळक नगरला राहिले, त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, समोरच्याला गरज दिसली की खिसा रिकामा. काका हे भरल्या गळ्यानं सांगतात. आतून काकूंचा आवाज येतो, 'आणि लक्ष्मीबाईंचे हाल? तेपण सांगा!' त्या घरात लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या दोन प्रती आहेत आणि दोघं आपापली वाचतात.

पण माझ्या मते काका मनानं टिळकांच्या बाजूचे नाहीतच. उधळ्या पुत्राचा दाखला सांगताना ते बापाचं कौतुक करतात, पुष्ट वासरू कापतात, सगळं करतात, आणि थोरल्या मुलापाशी आले की आवाज खाली येतो. 'थोरल्याचा अर्ज नामंजूर झाला. पण मुद्दा बरोबर होता हो.' स्वतःचं असं, की मी एकदा त्यांच्या चहाचे पैसे दिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाकीट. आत दहा रुपये, आणि पाकिटावर तारीख. आहेराची वही आहेच. कोणाच्या लग्नात काय दिलं, आपल्याकडे काय आलं, फरक लाल शाईनं.

गेल्या हिवाळ्यात काकांनी स्कूटर मागं घेताना मावशीची पाटी उडवली. टोमॅटो रस्त्यावर, त्यावरून एक टेम्पो. काकांनी तिथंच दोनशे रुपये काढले. मावशी म्हणाली, 'जाऊ द्या काका, तुम्हाला लागलं नाही ना?' काकांनी नोट पुढं केली. तिनं ती त्यांच्याच खिशात कोंबली, वर कोथिंबीर दिली. काकांनी ती घेतली, पण चेहरा असा, जणू सही नसलेला अर्ज हातात आलाय.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तिनं घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंना पाठवलं. काकू तिथं तासभर बसून, गप्पा मारून, पैसे घेऊन परत आल्या. मी म्हटलं, 'काका, घ्या ना फुकट. तुमचाच दाखला आहे.'

'तो देवाबद्दल आहे,' काका चिडून म्हणाले. 'ही भाजीवाली आहे.'

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली. त्यांना पाच मिनिटं मिळतात आणि ते पंचवीस घेतात. त्या दिवशी काका उठलेच नाहीत. पाळकसाहेबांनी दोनदा चष्म्यावरून बघितलं. शेवटी दानार्पणाच्या वेळी काकांनी दोनशेची नोट थाळीत टाकली, आणि उपासना संपल्यावर खजिनदाराकडे जाऊन पावती मागितली. नाव विचारल्यावर म्हणाले, 'मावशीचं घाला. पैसे तिचे आहेत.'

मावशी माळकरी. पंढरीची वारी न चुकता करणारी. पावती तिनं वाचून घेतली, हसली आणि तराजूमागच्या विठोबाच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवली. अजून तिथंच आहे. कोथिंबीर सध्या पंधरा रुपये जुडी आहे.