सेकंडचा माल

सोलापुरात चादरीकडे कुणी बघत नाही. ती अंथरतात, पांघरतात, आहेरात देतात आणि पुण्याच्या पाहुण्याच्या पिशवीत कोंबतात. जीआय मानांकन मिळालं म्हणून कुणी चादर निरखायला लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हा अन्याय दूर करण्याचं काम नियतीने माझ्यावरच सोपवलंय, असा साक्षात्कार मला मुंबईच्या एका कलादालनात झाला. तिथे पांढऱ्या भिंतीवर, पिवळ्या दिव्याखाली एक विटकी गोधडी टांगली होती. खाली किंमत होती. ती वाचून मी दोन पावलं मागे सरलो. चुकून हात लागला असता तर घर विकावं लागलं असतं. आमच्या आजीने अशाच गोधड्यांवर सगळी नातवंडं वाढवली, आणि नातवंडांनी त्या गोधड्यांवर काय काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये झोप कसली लागतेय! डोक्यात कलेचा इतिहास फिरत होता. मार्सेल द्युशाँने 1917 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला मुतारीचं भांडं पाठवलं, त्यावर 'आर. मट' अशी सही ठोकली आणि नाव दिलं 'फाउंटन'. संयोजकांनी ते मांडलं नाही. आज मात्र त्या भांड्याला वगळून आधुनिक कलेचा इतिहास सांगताच येत नाही. आणि चित्रकार हुसेन तर आपल्याच जिल्ह्यातले, 1915 साली पंढरपुरात जन्मलेले. मुंबईत ते सिनेमाचे फलक रंगवायचे तेव्हा रस्त्यावरचे लोक नटी बघायचे. रंगवणारा कोण, याची चौकशी कुणी करत नव्हतं. तोच हात चौकटीत शिरला आणि लोक नटी विसरून हात बघायला लागले. जागा बदलली की वस्तू बदलते. मग अडलंय कुठे? भिंत आपल्याकडे आहे, खिळा आहे.

दुसऱ्याच दिवशी सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन मी रस्त्याकडेच्या ढिगातून एक चादर उचलली. लाल-काळ्या रंगांची नुसती भडकाभडकी. कुठला आकार कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, काही कळेना. कळत नाही म्हणजे कला, एवढं कलादालनात शिकलो होतोच. विकणाऱ्याने निम्मे पैसे मागितले. मला त्याच्या अज्ञानाची कीव आली.

भिंतीवर चादर चढली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, वाळत घालायला गच्ची आहे की." मी दुर्लक्ष करून खाली पाटी लावली : 'ज्वाला. माध्यम : सूत आणि स्मृती.' वर दिवा सोडला. दिव्याने फार काम केलं. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "यात बेचैनी आहे." एका कवीमित्राला बंद पडलेल्या गिरण्यांचा भोंगा ऐकू आला. पुण्याच्या मेहुण्याने तर हळू आवाजात कलाकाराचं नाव विचारलं. मी 'अनामिक' म्हणालो आणि डोळे मिटले. ते मिटण्याचा सराव मी आरशासमोर केला होता.

मग कूलर दुरुस्त करायला एक गृहस्थ आले. उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर घालवून आता हे काम करणारे. स्क्रू पिळता पिळता त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि हसू आवरत म्हणाले, "सर, मोर उलटा टांगलाय की ओ."

"कुठला मोर?"

"हा काय. पाय वर, मान खाली. जॅकार्डची कार्डं मागंपुढं झाल्यात, म्हणून पिसारा मानंत घुसलाय. आन् ही चादरीची मागची बाजू हाय. पुढून बघा, लालचं काळं, काळ्याचं लाल."

मी शेवटचा बुरूज लढवला. म्हटलं, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये 1961 साली मातिसचं 'ल बातो' हे चित्र 47 दिवस उलटं टांगलेलं होतं, कुणाला कळलं नाही.

"तिकडं पण सेकंडचाच माल होता का ओ?"

यावर कलासमीक्षेत उत्तर नाही. पण पुढे ते जे बोलले ते आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. बोट फिरवत ते चादर वाचत गेले. इथे आडवा धागा तुटला, तो लगेच धरला नाही. इथे माग थांबला, वीज गेली असणार, कारण पुढची वीण दाट झालीय. इथे कांडी बदलताना रंग चुकला. बहुतेक रात्रपाळी, डोळा लागला असेल. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "ह्याची मजुरी कापली असणार बघा."

मी चादर सुलटी केली. मोर दिसला तसा कवीमित्राचा भोंगा बंद झाला. "आता फारच धंदेवाईक वाटतंय," म्हणाला. मॅनेजरसाहेबांची बेचैनीही गेली. मग मी पाटी बदलली : 'मोर. माध्यम : सूत. कार्डं चुकली, वीज गेली, मजुरी कापली गेली असावी.' ही पाटी बायकोला पहिल्यांदाच पटली. मेहुण्याला तर इतकी पटली, की पाटीसकट विकत घेतो म्हणतो, आणि आकडा असा बोललाय की मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

तेव्हा पूर्व भागातल्या कारखान्यांतून कुणाची पिसारा मानेत घुसलेल्या लाल-काळ्या मोरापायी मजुरी कापली गेली असेल, तर त्याने कृपया निरोप धाडावा. सौदा त्याला विचारूनच करायचा आहे. निम्मे पैसे त्याचे. दिव्याचं बिल मी भरीन.